लहानपणी कान वाहिला तर मोठेपणी ऐकू कमी येतंच का?

उत्तरेश्वर_पेठ
नमस्कार मंडळी. मुलगी पावणेसहा वर्षांची आहे. वर्षभरात तिचा उजवा कान तीनदा फुटला. दर वेळी तेच. दोन दिवस सर्दी, मग रात्री दीड-दोनला ठणका, उशीत डोकं खुपसून रडणं, पहाटे कधीतरी गप्प झोपून जाणं आणि सकाळी अभ्र्यावर पिवळसर डाग. डाग दिसला की माझ्या आईला हायसं वाटतं. "फुटला बघ, आता दुखायचं नाही." आणि खरंच दुखत नाही. त्यामुळं आम्ही तीनही वेळा चार दिवसांचं औषध देऊन विषय सोडला.

आता लिहायचं कारण. मला स्वतःला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तिसरी-चौथीपर्यंत माझाही कान वाहायचा. आजी कापसाची बोळी घालून शाळेत पाठवायची. पावसाळ्यात वास यायचा म्हणून बाकावर शेजारी कुणी बसत नव्हतं. आज लक्ष्मीपुरीत दुकानात गल्ल्यावर बसतो, तर डावीकडनं कुणी बोललं की पोरगा मला कोपरानं ढोसतो.

गेल्या पंधरवड्यापासून मुलीला टीव्ही मोठा लागतो. मागनं हाक मारली तर वळत नाही. आई म्हणाली, "बापावर गेलीय." त्या दिवसापासून झोप नाही. कान वाहणं आणि कायमचं ऐकू न येणं यांचा खरंच संबंध आहे, की हे आमच्या घराण्यातच आहे?

माहेरवाशीण_कसबा_बावडा
दादा, एवढं मनाला लावून घेऊ नका. माझ्या धाकट्याचा कान पाचव्या वर्षापर्यंत सारखा फुटायचा. आठव्या वर्षी आपोआप बंद झाला. आता बारावीत आहे, मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी त्याला वरच्या मजल्यावर कळतं.

गुऱ्हाळवाला
आमच्याकडं लसणाची पाकळी तेलात कडकडून, कोमट झालं की दोन थेंब. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. ठणका जागच्या जागी थांबतो.

अनुराधा_शाहूपुरी
गुऱ्हाळवाले, कृपा करून हे कुणाला सांगू नका. आम्ही हेच केलं होतं. मुलीचा पडदा आधीच फाटलेला, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तेल सरळ आत गेलं. वर दमट पावसाळा. आठ दिवसांनी कानात बुरशी. डॉक्टरांनी ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी बाहेर काढून दाखवलं, ते मी अजून विसरलेले नाही. ती टेबलावर ओरडत होती आणि मी तिचे पाय धरून उभी होते.

कर्णोपकर्णी
मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, कोल्हापूर जिल्ह्यातच काम करतो. इथं बसून कुणाचं निदान करणार नाही. पण संबंध विचारलाय, तो नीट सांगतो, कारण तपासणीच्या खोलीत एवढा वेळ मिळत नाही.

संबंध आहे. पण कान फुटलेलं प्रत्येक मूल बहिरं होत नाही, बहुतेकांचं पूर्ण बरं होतं. तीन वर्षांच्या आत एकदाही मधल्या कानाला संसर्ग झाला नाही अशी मुलं कमीच. नाकाच्या मागून मधल्या कानाकडं जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दी त्या वाटेनं वर चढते, पू साठतो, पडदा ताणला जातो. तो ताण म्हणजेच रात्रीचा ठणका. पडदा फाटला की ताण सुटतो आणि पोर झोपतं. आजींचं एवढ्यापुरतं बरोबर आहे. दुखणं थांबलं, आजार थांबला असं नाही. असं ताजं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपलं आपण भरतं. भरलं की नाही हे बाहेरून कळत नाही, आत बघावं लागतं. आणि दुखायचं थांबलं की परत दाखवायला फारसं कुणी येत नाही. नुकसान सुरू होतं ते तिथून.

पडद्याच्या मागं तीन हाडांची साखळी असते: हातोडा, ऐरण, रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरचं, शरीरातलं सर्वांत लहान हाड. पडदा मोठा आणि रिकिबीचा तळ चिमुकला, त्यामुळं आवाजाचा दाब आतल्या कानातल्या पाण्यापर्यंत पोचताना सुमारे २० पट वाढतो. यातल्या ऐरणीच्या लांब दांड्याला रक्तपुरवठा फार तुटपुंजा. वर्षानुवर्षं पुवात राहिलं की आधी तोच झिजतो आणि एक दिवस साखळी सुटते. नुसत्या भोकानं १० ते ४० डेसिबलपर्यंत ऐकणं कमी होतं. साखळी सुटली की तोटा ५०-६० वर जाऊ शकतो, आणि आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण तेवढाच असतो.

हे पडद्याचं आणि हाडांचं झालं. ते ऑपरेशननं बऱ्यापैकी सांधता येतं. खरं कायमचं नुकसान त्याच्या आतलं. मधल्या आणि आतल्या कानात एका जागी फक्त एक पातळ पापुद्रा आहे, गोल खिडकी म्हणतात. पू महिनोन्‌महिने साठून राहिला की त्यातली विषं तिथून आत झिरपतात. त्या खिडकीच्या लगेच पलीकडं बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी असतात. माणसाच्या कानात त्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

उत्तरेश्वर_पेठ, मुलीचा टीव्ही मोठा होणं यात आणखी एक शक्यता असते. पडदा भरून आलेला असतो, पण मागं चिकट पाणी साठून राहिलेलं असतं. दुखत नाही, वाहत नाही, फक्त कानाला दडे बसल्यासारखं २०-३० डेसिबल कमी ऐकू येतं. हे बहुतेकदा तात्पुरतं असतं, बऱ्याच मुलांत तीन महिन्यांत निघून जातं. पण तपासल्याशिवाय कळणार नाही. या आठवड्यात दाखवा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्या.

माहेरवाशीण_कसबा_बावडा
डॉक्टर, म्हणजे माझ्या मुलाचं ते नशीबच म्हणायचं. मी कधीच परत दाखवायला नेलं नव्हतं.

तर्कट_राजारामपुरी
डॉक्टरांचा आदर ठेवून एक विरोधी मुद्दा. कान दुखला की अँटिबायोटिक, ही सवयही घातक आहे. माझ्या भाच्याला एका पावसाळ्यात चार वेळा दिलं. निम्मी दुखणी तशीच बरी झाली असती.

कर्णोपकर्णी
मुद्दा योग्य आहे. मूल दोन वर्षांच्या वर, दुखणं सौम्य, ताप फार नाही, कान वाहत नाही, अशा वेळी नुसतं दुखण्याचं औषध देऊन दोन-तीन दिवस वाट बघणं हे शास्त्राला धरूनच आहे. मात्र वाट बघायची ती डॉक्टरांनी कान बघितल्यावर. सहा महिन्यांचं बाळ किंवा वाहता कान असेल तर हिशेब वेगळा.

आणि लसणाच्या तेलाबद्दल अनुराधाताईंनी सांगितलं ते पुरेसं आहे. त्यात एक भर. घरात शिल्लक राहिलेले थेंबही घालू नका. जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब भोकातून आत गेले तर आतल्या कानाला इजा करू शकतात. बाटली तीच दिसते, कान तो नसतो.

लाल_माती
आमच्या तालमीत तर ज्याचा कान फुटला तो खरा पैलवान! आमच्या वस्तादांचे दोन्ही कान भजीसारखे. पण त्यांना ऐकू तर झक्कास येतंय. खासबागेत मैदान गच्च भरलेलं असताना वरनं कुणी "वस्ताद" म्हणून हाक मारली तरी वळून बघत्यात. मग ह्यो संबंध कसा बसायचा?

कर्णोपकर्णी
लाल_माती, तो कान वेगळा. कुस्तीत रगडला जातो तो बाहेरचा, कुर्चेचा म्हणजे मऊ हाडाचा कान. कुर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांत रक्त साठतं, ते वेळेत काढलं नाही तर घट्ट होऊन गाठी राहतात. रूप बदलतं, ऐकू येण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. मधला कान पडद्याच्या आत. आपल्याकडं दोन्हीला "कान फुटला" म्हणतात म्हणून घोळ होतो.

लाल_माती
समजलं. खरं सांगायचं तर आमच्यात एकाचा आतला पण फुटलाय. सरावात न्हवं, घरी. बापानं कानाखाली काढली, पडदा गेला. चौदा वर्षांचा होता.

कर्णोपकर्णी
हे फार बघतो. तळहात कानावर सपाट बसला की नळीतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटतो. चिडलात तरी मुलाच्या कानावर हात नको. हे मी प्रत्येक पालकाला हात जोडून सांगतो.

चौथी_ब
मी भुदरगड तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. सहा-सात वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसायचा, विचारलं की हसायचा, शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहायचा. मी त्याला मंद समजत होतो. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

एकदा श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या चुका वेड्यावाकड्या नव्हत्या. "साप"चं "आप", "शेत"चं "एत", "फणस"चं "अण". म, न, ब, ग बरोबर असायचे. फक्त स, श, फ गळायचे. दुसऱ्या दिवशी मी तोंडापुढं वही धरून श्रुतलेखन घातलं, तर निम्मी ओळच गेली. म्हणजे एरवी तो माझे ओठ वाचत होता.

२०१३ पासून शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक येतं. ते आलं तेव्हा मी त्याला पुढं उभा केला. दोन्ही कानांत पू. आई म्हणाली, "तो तर जन्मल्यापासनं वाहतोय, मोठा झाला की थांबंल." पुढं त्याच्या एका पडद्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या कानाला मशीन बसलं. मला जे करता आलं ते एवढंच: पहिला बाक, आणि फळ्याकडं तोंड करून बोलायचं नाही. त्या वर्षी त्यानं पाढे सगळ्यांच्या पुढं उभं राहून म्हटले.

कर्णोपकर्णी
सर, तुम्ही नकळत निदान केलंत. स, श, फ यांची ताकद उंच स्वरांत असते आणि आवाज मुळातच हलका. थोडंसं ऐकणं कमी झालं तरी आधी हेच पुसट होतात. म्हणून मूल "ऐकतंय पण समजत नाही" असं दिसतं आणि हट्टी किंवा ढ ठरतं.

अनुराधा_शाहूपुरी
चौथी_ब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या मुलीच्या बाईंना पाठवतेय.

इचल_माग
माझं थोडं वेगळं. वडील आणि मी दोघंही यंत्रमागावर. मी २२ वर्षं. लहानपणी माझाही उजवा कान वाहायचा. आता दोन्हीकडनं कमी येतं. घरचे म्हणतात मागाच्या आवाजानं, मी म्हणतो कान फुटल्यानं. कुणाचं खरं?

कर्णोपकर्णी
दोघांचंही असू शकतं आणि ते तपासणीत वेगळं काढता येतं. ऑडिओमेट्रीत आधी कानावर हेडफोन लावून आवाज देतात, मग कानामागच्या हाडावर कंपन ठेवून. हाडावरून नीट ऐकू आलं आणि हवेतून कमी, तर बिघाड पडद्यात किंवा हाडांच्या साखळीत. दोन्हीकडून कमी, तर आतल्या कानात. गोंगाटाचं नुकसान ४००० हर्ट्‌झजवळ आलेखात खड्डा पाडतं आणि ते साधारण दोन्ही कानांत असतं. तुमच्या उजव्या कानात दोन्ही प्रकार असले तर आश्चर्य नाही. मागावर पुन्हा उभं राहण्याआधी तपासून घ्या आणि कानात प्लग वापरा. उरलंय ते राखणं तुमच्या हातात आहे.

इचल_माग
प्लग घालून धागा तुटलेला कळत नाही डॉक्टर. मागाचा आवाज बदलतो त्यावरनं आम्ही ओळखतो. पण तुमचं ऐकतो, आधी तपासतो.

आजी_टाकाळा
माझ्या कानामागं अजून खोच आहे. बोट घातलं तर बसतं. मी नऊ वर्षांची असताना ऑपरेशन झालं, १९६८ साल. कान वाहायचा, वास यायचा, पण ऐकू चांगलं येत होतं म्हणून घरचे निवांत होते. मग एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळायला लागलं. चेहरा वाकडा झाला होता. वडिलांनी त्याच दिवशी उचलून नेलं. चेहरा बराचसा सरळ झाला, तो कान मात्र गेला. ऐकू येत होतं म्हणून थांबलो, हे मला आयुष्यभर लागून राहिलं.

कर्णोपकर्णी
आजी, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. थोडाच पण घाण वासाचा पू, वर्षानुवर्षं, ही वेगळी जात. पडद्याचा भाग आत ओढला जाऊन कातडीची पिशवी तयार होते, तिला कोलेस्टिटोमा म्हणतात. कॅन्सर नव्हे, पण आजूबाजूचं हाड खाते. चेहऱ्याची नस, तोल सांभाळणारा भाग, कधी मेंदूपर्यंत. आणि हाडांची साखळी तुटल्यावरही ती पिशवीच मधे बसून आवाज पुढं पोचवते, त्यामुळं ऐकू बरं येत राहतं. तुमच्या घरच्यांचा दोष नव्हता. वाहत्या कानाला वास असेल तर ऐकू किती येतंय हे बघत थांबू नये.

गुऱ्हाळवाला
आजी, वाचून गप्प झालो. तेलाचा सल्ला मागं घेतो.

आशाताई_करवीर
मी आशा कार्यकर्ती. आमच्याकडून दोन-तीन गोष्टी. बाळाला आडवं ठेवून बाटली तोंडात देऊन झोपवू नका, दूध मागं नळीकडं जातं. घरात विडी-सिगारेट नको. आणि न्यूमोकोकलची लस, पीसीव्ही, २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. लोक ती फक्त न्यूमोनियाची समजतात. तोच जंतू कानाला त्रास देतो आणि मेंदूज्वरही करतो, आणि मेंदूज्वरानंतर पोर बहिरं झालेलं मी स्वतः बघितलंय. नऊ महिन्यांचा डोस बरेच जण चुकवतात.

रंकाळा_सकाळ
आमचा मुलगा पंचगंगेवर पोहायला जातो. कान वाहिला की पोहणं बंद करायचं का? तो अजिबात ऐकत नाही, म्हणजे कानानं नव्हे, सांगितलेलं!

अनुराधा_शाहूपुरी
😀 भोक भरेपर्यंत बंदच. आमच्याकडं अंघोळीलासुद्धा कापूस घालून बसवायचे.

तर्कट_राजारामपुरी
जाता जाता: एडिसनला लहानपणापासून कमी ऐकू यायचं. स्कार्लेट फीवर आणि कानाचे वारंवारचे संसर्ग ही कारणं सांगितली जातात. फोनोग्राफ त्याच माणसानं केला, १८७७ मध्ये.

चौथी_ब
खरं आहे. पण माझ्या वर्गातल्या पोरानं एडिसन व्हावं म्हणून त्याचा कान वाहू द्यायचा नाही. मूळ धागाकर्ते कुठं आहेत? मुलीला दाखवलं का?

उत्तरेश्वर_पेठ
उशिरा आलो, माफ करा. दाखवलं.

आवाज तपासायच्या खोलीत मुलीला हेडफोन लावला आणि पुढं मण्यांची वाटी ठेवली. आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा. मी काचेबाहेर उभा. सुरुवातीला मणी टपाटप पडत होते. मग तिचा हात मणी धरून हवेतच थांबायला लागला. ती डोळे मोठे करून मॅडमकडं बघायची. आवाज चालू होता, मला मॅडमच्या बोटावरनं कळत होतं. तिला ऐकू येत नव्हतं. ते बघणं सोपं नव्हतं.

उजवीकडं ३० डेसिबल, डावीकडं २५. पडदा भरलाय, मागं पाणी आहे, डॉक्टरांनी इथं सांगितलं तेच. हाडावरून पूर्ण ठीक, म्हणजे आतला कान शाबूत. तीन महिने वाट बघायची, पुन्हा तपासणी, तोवर शाळेत पहिला बाक. पाणी राहिलं तर पडद्यात बारीक नळी बसवतात, ग्रोमेट. नाकामागची गाठपण तेव्हा बघणार आहेत.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही बोलताना सारखी मान वळवताय. तुमचा कान कधी तपासलाय?" कधीच नाही. ३८ वर्षांत एकदाही नाही. बसवलं मला त्याच खुर्चीवर, मण्यांऐवजी बटण दिलं. डाव्या पडद्याला मोठं भोक, कोरडं. ५५ डेसिबल कमी. हाडांच्या साखळीचं बहुतेक गेलंय, त्यातलं ऑपरेशननं काही परत येईल. पण उंच स्वर हाडावरूनही कमी येतात, ते परत यायचे नाहीत. म्हणजे घराण्याचं काही नव्हतं. तो पूच होता, इतकी वर्षं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ अभ्रा घड्या घालत बसली होती. मग म्हणाली, "मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तुला खांद्यावर घेऊन मी चालत गेले असते." मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो, माझा चांगला कान तिच्याकडं, नाहीतर ऐकू आलं नसतं, इतकं हळू म्हणाली.

आजी_टाकाळा
आईला म्हणावं, नातीला वेळेत नेलंत ना. तिचाही जीव हलका होईल. आणि तू ऑपरेशनचं टाळू नकोस.

माहेरवाशीण_कसबा_बावडा
मी पण मुलाचा कान दाखवायची वेळ घेतली. ऐकू चांगलं येतं त्याला, तरीही.

कर्णोपकर्णी
उत्तरेश्वर_पेठ, आतला कान शाबूत आहे ही मोठी गोष्ट आहे. तीन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाणी गेलं असं वाटलं तरी जा. तुमच्या स्वतःच्या कानात पाणी जाऊ देऊ नका. कोरडा आहे तोवरच ऑपरेशन चांगलं जमतं.

उत्तरेश्वर_पेठ
लिहिली, दुकानातल्या आणि घरातल्या दोन्ही कॅलेंडरवर. एक विचारायचं राहिलं: अंघोळीला कापसाला व्हॅसलीन लावून घालायचं म्हणतात, ते बाहेरून चोपडायचं की बोळा पूर्ण भिजवायचा?

अनुराधा_शाहूपुरी
बोळा पिळदार करा, बाहेरच्या बाजूला जाडसर चोपडा आणि कानाच्या तोंडाशी नुसता टेकवा, आत ढकलायचा नाही. अंघोळ झाली की लगेच काढून टाका. रात्रभर ठेवू नका.